पप्पांच्या शेडमधलं कल्चर जिवंत आहे का?

पत्र :

मॅडम, नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय मायक्रोबायोलॉजी. यंदा डिपार्टमेंटच्या असोसिएशनची सेक्रेटरी मी झाले. एच.ओ.डी. (विभागप्रमुख) मॅडमनी वर्षभराच्या उपक्रमांची यादी आठ दिवसांत मागितली आहे. गेल्या वर्षीची फाइल उघडून पाहिली. पोस्टर स्पर्धा, रांगोळी स्पर्धा (विषय : जिवाणूची पेशी), प्रश्नमंजूषा, दोन गेस्ट लेक्चर, एक इंडस्ट्रियल व्हिजिट, हात धुण्याचं प्रात्यक्षिक आणि 'मोबाइल स्वॅब'. या शेवटच्या उपक्रमात वर्गातल्या मुलांच्या मोबाइलवरून स्वॅब घेऊन आम्ही प्लेटा (जिवाणू वाढवायच्या झाकणाच्या बशा) लावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कॉलनीच कॉलनी, जिवाणूंच्या वस्तीचे टिपकेच टिपके! 'मोबाइलवर घातक जंतू' अशी बातमी पेपरात आली. सगळे खूश होते. मला मात्र काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं, काय ते सांगता येईना.

खरं दुखणं वेगळंच आहे. वर्गात आम्ही 36 जण. चालू मायक्रोस्कोप सहा. प्रॅक्टिकलला लूप (जिवाणू उचलायची तार) धरतात तेच चार-पाच जण, बाकीचे जर्नल उतरवून काढतात. वर्षभरात मी स्वतःच्या हाताने एकही प्लेट ओतलेली नाही, आणि मी सेक्रेटरी! पप्पा शेती करतात. ते म्हणतात, हे रांगोळ्या-बिंगोळ्या सोड, मार्कांचं बघ. परवा त्यांनी विचारलं, "तू जंतूंचंच शिकतेस ना? मग आपण सोयाबीनच्या बियाण्याला लावतो ते कल्चर जिवंत असतं का गं? महिनाभर पत्र्याच्या शेडमध्ये पडलेलं असतं." मला उत्तर देता आलं नाही. लाज वाटली. पद सोडून द्यावं का?

– नावाची सेक्रेटरी

उत्तर :

प्रिय सेक्रेटरी,

पद सोडू नकोस. यादी द्यायला तुझ्या हातात आठ दिवस आहेत, आणि यादीतली सगळ्यात मोठी नोंद तुझ्या पत्रात आलेलीच आहे. पप्पांनी तुला विचारलेल्या प्रश्नात ती आहे. मी 31 वर्षं मायक्रोबायोलॉजी शिकवली, त्यातली निम्मी वर्षं असोसिएशनचं कामही माझ्याच गळ्यात होतं. इतका चांगला प्रश्न मला कुठल्या समितीने कधी सुचवला नाही. तुझ्या पप्पांना त्याचं उत्तर खरोखर हवं आहे. पोस्टर स्पर्धेतून काय निघतं याची वाट बघत कोणी बसलेलं नसतं.

आधी त्या मोबाइलचं बोलू, कारण तुझ्या मनात आलेली शंका शंभर टक्के बरोबर आहे. प्लेटवर कॉलनी आल्या, यात नवल काय? माणसाच्या कातडीवर स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस आणि मायक्रोकॉकस ही मंडळी बाराही महिने मुक्कामाला असतात. मोबाइल दिवसभर हातात, हातावरचे जिवाणू मोबाइलवर, मोबाइलवरचे प्लेटवर. कॉलनी आल्या नसत्या तर मी दचकले असते. 'घातक' हे कोणी ठरवलं? ग्रॅम स्टेन (रंग देऊन जिवाणूंचा गट ओळखणं) केला का? निदान एक कोरी प्लेट, जिला स्वॅब टेकवलाच नाही, ती बाकीच्यांच्या शेजारी ठेवली होती का? ती ठेवली नसेल तर ते जिवाणू मोबाइलवरचे, की हवेतले, की मीडिया (प्लेटमधलं जिवाणूंचं खाद्य) नीट ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक, न झाल्यामुळे आलेले, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. चुकत होतं ते हे. कंट्रोल (ती कोरी प्लेट) नव्हता आणि प्रश्नही नव्हता. उत्तर तेवढं आधीच ठरलेलं होतं : जंतू म्हणजे वाईट. मायक्रोबायोलॉजीच्या मुलांनी गावाला हेच सांगायचं असेल तर साबणाच्या जाहिराती काय वाईट आहेत?

आणि एक, जरा दटावून सांगते. अशा कुठून तरी आणलेल्या नमुन्यांच्या प्लेटा वाढल्यानंतर उघडायच्या नाहीत. टेप लावून बंद ठेवायच्या, झाकणातूनच बघायच्या आणि ऑटोक्लेव्ह करूनच टाकायच्या. फोटोसाठी झाकण काढून नाकाजवळ धरलेली प्लेट मी पेपरातल्या बातम्यांमध्ये इतक्यांदा पाहिली आहे की आता बातमी वाचायच्या आधी मी फोटोतलं झाकण शोधते.

आता पप्पांच्या प्रश्नाकडे येऊ.

सोयाबीनच्या मुळांवर गाठी असतात हे तुला पुस्तकातून माहीत आहे आणि शेतातूनही माहीत असणार. त्या गाठींत ब्रॅडीरायझोबियम राहतो, हवेतला नायट्रोजन पिकाला देतो. दुकानात मिळणारं कल्चर म्हणजे बहुतेक वेळा लिग्नाइट कोळशाच्या काळ्या भुकटीत कालवलेले हेच जिवाणू. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅमची पिशवी, गुळाच्या पाण्यात कालवून चोळायची आणि बियाणं सावलीत वाळवायचं, हे पप्पा तुझ्यापेक्षा चांगलं सांगतील. त्यांना सांगता येत नाही ते एवढंच, की त्या भुकटीत जिवंत किती आहेत. तुला ते मोजता येतं. तुझ्या घरात तूच एकटी आहेस जिला ते मोजता येतं, हे लाज वाटून घेण्याआधी ध्यानात घे.

मोजायला पट्टीही आहे. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीच्या रूपातल्या रायझोबियम खतात (आपला ब्रॅडीरायझोबियमही यातच धरतात) दर ग्रॅमला किमान पाच कोटी जिवंत पेशी असायला हव्यात. आता हे तुमच्या सीरियल डायल्यूशनला (दर पायरीला दहापट पातळ करणं) लावून बघ. दहा ग्रॅम भुकटी नव्वद मिली निर्जंतुक पाण्यात, तिथून एक मिली नऊ मिलीत, असं करत टेन रेज टू मायनस फाइव्हपर्यंत, म्हणजे लाखपट पातळ होईपर्यंत, उतरायचं. त्या नळीतलं 0.1 मिली प्लेटवर पसरलं तर काठावर पास झालेल्या पिशवीतून साधारण 50 कॉलनी यायला हव्यात. पाच कोटी हा आकडा डोक्यात मावत नाही. पन्नास टिपके मात्र पप्पासुद्धा बोट ठेवून मोजतील. चांगल्या ताज्या पिशवीत पेशी बऱ्याच जास्त असू शकतात, म्हणून पहिल्या खेपेला मायनस फाइव्ह, सिक्स आणि सेव्हन अशी तिन्ही डायल्यूशन लावा. 30 ते 300 कॉलनींची जी प्लेट येईल ती मोजायला घ्या.

मीडिया यीस्ट एक्स्ट्रॅक्ट मॅनिटॉल अगार, त्यात काँगो रेड. रायझोबियमच्या जातीतल्या कॉलनी हा लाल रंग फारसा ओढून घेत नाहीत. त्या पांढरट, ओलसर दिसतात आणि भुकटीतले उपरे जिवाणू बऱ्याचदा लालभडक होतात. 'बऱ्याचदा' हा शब्द जर्नलमध्ये मुद्दाम लिही, कारण फक्त रंगावरून शिक्कामोर्तब होत नसतं.

इथे दोन ठिकाणी सगळे पडतात, म्हणून दोन्ही खड्डे आधीच दाखवते. पहिला इन्क्युबेटरचा, म्हणजे प्लेटा वाढायला ठेवायच्या उबदार पेटीचा. आपल्याकडे काहीही झालं की प्लेट 37 अंशांवर ढकलायची सवय आहे. हा मातीतला जीव आहे, त्याला 28 ते 30 अंश लागतात. डिपार्टमेंटला बी.ओ.डी. इन्क्युबेटर (गरम-थंड दोन्ही करता येणारा) असेल तर तो वापरा. नसेल तर पावसाळ्यातली खोलीतली कपाटाची जागाही चालून जाईल, फक्त रोजचं तापमान लिहून ठेवायचं. दुसरा खड्डा घाईचा. वाटाण्याच्या किंवा मेथीच्या पुस्तकी उदाहरणाने मुलं तिसऱ्या दिवशी प्लेट उघडतात, काही दिसत नाही म्हणून 'नो ग्रोथ' लिहितात आणि प्लेट धुवायला देतात. ब्रॅडीरायझोबियम संथ आहे. पाच ते सात दिवस, कधी त्याहून जास्त घेतो, आणि एवढं करून कॉलनी येते ती टाचणीच्या डोक्याएवढी. आठवडाभर प्लेटा कोरड्या पडू नयेत म्हणून उलट्या करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. माझ्या एका बॅचने तिसऱ्या दिवशी 'नो ग्रोथ' लिहून प्लेटा धुण्याच्या टबाशेजारी रचल्या आणि शनिवार-रविवार मध्ये आला. सोमवारी लॅबमधले मामा प्लेटांचा गठ्ठा घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, हे मेलेले उठलेत."

आता शेडचं. महिनाभर गरम जागी पडल्याने किती मरतात, हा पप्पांचा खरा प्रश्न आहे. एकाच लॉट नंबरच्या पिशव्या घ्या. अर्ध्या पिशव्या खोलीतल्या थंड कपाटात ठेवा, अर्ध्या 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये एका कोपऱ्यात. पत्र्याच्या शेडमधली मे महिन्यातली दुपार याहून कडक असते, पण डिपार्टमेंटमध्ये आहे त्या सामानात हे लगेच जमतं आणि तापमान कायम राहतं. पहिल्या दिवशी मोजा, एका महिन्याने मोजा, दोन महिन्यांनी मोजा. मोजायच्या प्रत्येक वेळी न फोडलेली पिशवी घ्यायची, एकदा फोडलेली परत वापरायची नाही.

हिशेब केलास का? दोन जागा, तीन वेळा, तीन डायल्यूशन, प्रत्येकाच्या दोन प्लेटा. एकूण 36. तुमच्या वर्गात किती जण आहेत म्हणालीस?

यादीत ही ओळ ठळक लिही : प्रत्येक विद्यार्थ्याची एक प्लेट, ओतण्यापासून मोजण्यापर्यंत, झाकणाऐवजी तळाला स्वतःचं नाव घालून. झाकणं अदलाबदल होतात, तळ होत नाही. शिवाय प्रत्येक खेपेला एक कोरी प्लेट, तिच्यावर सेक्रेटरीचं नाव. एका प्लेटला अठरा मिली धरलं तर या सगळ्याला पाऊण लिटरभर मीडिया लागतो. एवढ्यासाठी बजेट नाही असं कोणी म्हणालं तर शांतपणे गेल्या वर्षीच्या फ्लेक्सचं बिल काढून दाखव. (हे माझं नाव न सांगता कर.)

36 वेगवेगळ्या हातांनी केलेलं काम एकसारखं येणार नाही, हे मान्य. म्हणून आधी एक आठवडा नुसता सराव ठेवा, साध्या न्यूट्रिएंट अगारवर. त्याची अर्धा किलोची बाटली असते आणि लिटरला 28 ग्रॅम लागतात. म्हणजे एका बाटलीत जवळजवळ हजार प्लेटा निघतात. तरीही 'मीडिया महाग आहे, हात लावू नका' हे वाक्य किती मुलांनी किती वर्षं ऐकलं असेल!

प्लेट ओतण्याचं तंत्र वाचून येत नाही, तरी सांगते. ऑटोक्लेव्हमधून फ्लास्क काढला की लगेच ओतायचा नाही. फार गरम ओतलं की झाकणाला आतून घाम धरतो, थेंब पडतात आणि कॉलनी एकमेकींत वाहून जातात. फार थांबलं तर अगार चाळिशीच्या आसपास गोठायला लागतो आणि प्लेटमध्ये गुठळ्या पडतात. माझी पहिली प्लेट साबुदाण्याच्या खिरीसारखी झाली होती. फ्लास्क मनगटाच्या मागच्या बाजूला टेकवायचा, चटका बसत नाही पण ऊब चांगली जाणवते, ती वेळ. बर्नरच्या जवळ, झाकण पूर्ण न काढता एका बाजूने तिरकं उचलायचं, फ्लास्कचं तोंड ज्योतीवरून फिरवायचं, ओतायचं, झाकायचं, आणि प्लेट टेबलावरच हलकेच गोल फिरवायची. दहाव्या प्लेटला हात बसतो. नेमकी हीच दहावी प्लेट तुमच्या वर्गातल्या तीस जणांच्या वाट्याला आजवर आलेली नाही.

हे सगळं ज्यांच्यावर अवलंबून आहे त्यांना तू पत्रात विसरलीस. लॅबमधले मामा (तुमच्याकडे काका म्हणत असतील) ऑटोक्लेव्ह कधी लावतात, काचेचं सामान कधी धुतात, शनिवारी कुलूप कधी लागतं, हे आधी विचारून मगच तारखा ठरव. एच.ओ.डी. मॅडमच्या सहीने उपक्रम कागदावर येतो. प्लेटा मिळतात मामांच्या मर्जीने.

पेरणी अजून झाली नसेल तर शेतातला भागही जोडून घे. पप्पांना म्हण, चार तासं (ओळी) कल्चर न लावलेल्या बियाण्याची ठेवा. बुरशीनाशक लावत असतील तर ते आधी आणि कल्चर सगळ्यात शेवटी, नाहीतर जिवाणू बिचारे लावतानाच मरायचे. पिकाला फुलं लागायच्या सुमारास दोन्हीकडची दहा-दहा झाडं काढा. उपटायची नाहीत, उपटलं की गाठी मातीतच राहतात. कुदळीने ढेकळासकट उचला आणि बादलीत भिजवून माती सोडवा. झाड निवडताना डोळ्यांत भरेल ते घ्यायचं नाही, दर दहा पावलांना पायाजवळचं घ्यायचं. गाठी मोजा. मोजणाऱ्याला झाड कुठल्या तासातलं ते कळता कामा नये. मग प्रत्येक झाडाच्या पाच गाठी ब्लेडने कापा. आतून गुलाबी असेल तर गाठ कामावर आहे. हा गुलाबी रंग लेगहीमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद. पांढरी किंवा हिरवट असेल तर नुसतीच जागा अडवून बसली आहे.

आणि फरक आला नाही तर? येणार नाही असंही होऊ शकतं. ज्या रानात वर्षानुवर्षं सोयाबीन आहे तिथल्या मातीत हे जिवाणू आधीपासून भरपूर असतात, बाहेरून आणलेल्यांना ते उभं राहू देत नाहीत. तेही लिहायचं. 'उपक्रम यशस्वीरीत्या पार पडला' हे वाक्य मात्र अहवालात कुठेही घालू नकोस. ते लग्नाच्या अहवालात शोभतं. पेरणी होऊन गेली असेल तर रडत बसू नकोस, रब्बीत हरभरा आहेच.

आता माझी एक फजिती ऐक, कारण तू तिच्याच वाटेवर जाऊ शकतेस. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आम्ही गावातल्या हॉटेलांच्या पाण्याची एम.पी.एन. टेस्ट (पाण्यात मैल्याचे जिवाणू आहेत का ते अजमावणारी) केली. लॅक्टोज ब्रॉथच्या नळ्या, आत उलटी डरहॅम ट्यूब, वायू धरला की मुलं टाळ्या वाजवायची. मोठ्या अभिमानाने हॉटेलांच्या नावांसकट निकाल नोटीस बोर्डावर लावला. दुसऱ्या दिवशी दोन मालक प्राचार्यांच्या केबिनमध्ये, आणि तिसऱ्या खुर्चीत मी. त्यांनी विचारलं, पाणी कधी घेतलंत, कुठल्या भांड्यातून, किती वेळाने लॅबमध्ये नेलंत? माझ्याकडे एकाचंही लिहिलेलं उत्तर नव्हतं. नमुने दुपारी तीन तास एका मुलीच्या सॅकमध्ये होते, हे मला नंतर कळलं. निकाल बरोबर असेलही, पण माझ्याकडे तो सिद्ध करायला काही नव्हतं. बोर्ड उतरवला. खरं सांगायचं तर मालक रागावले होते तरी त्यांचा प्रश्न आमच्या प्रयोगापेक्षा शास्त्रीय होता.

म्हणून पिशव्या बिल घेऊन विकत आणा, न फोडलेल्या. अहवालात कंपनीचं नाव घालायचं नाही, क, ख, ग लिहायचं. एक-दोन पिशव्यांवरून कंपनी चांगली की वाईट ते ठरत नाही. कदाचित दुकानदारानेच त्या उन्हात ठेवल्या असतील. तुमचा विषय गरम जागा हा आहे, कंपनी नाही. आणि पेपरवाल्यांना बोलावायचंच असेल तर मोजणी संपल्यावर.

नोंदीवरून आठवलं. 2010 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनला एका विद्यार्थिनीने सडलेल्या वांग्याखालून नमुना घेतला आणि त्यातून एक बॅक्टेरिओफाज (जिवाणूंना मारणारा विषाणू) वेगळा काढला. नाव ठेवलं 'मडी'. मायकोबॅक्टेरियम (क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतले जिवाणू) मारणारे असे हजारो फाज अमेरिकेत पिट्सबर्गला ग्रॅहम हॅटफुल यांच्या प्रयोगशाळेत फ्रीझरमध्ये जमा आहेत, त्यातले पुष्कळसे कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी मातीतून शोधलेले. 'मडी'ही तिथे जाऊन पडला. 2018 मध्ये लंडनच्या रुग्णालयातल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या अंगात फुप्फुस प्रत्यारोपणानंतर मायकोबॅक्टेरियम अॅबसेसस पसरला, अँटिबायोटिक चालेनात. तेव्हा फ्रीझर धुंडाळून तीन फाजचं मिश्रण केलं, त्यातला एक हा वांग्याखालचा. तिच्या जखमा भरू लागल्या. हा वृत्तांत 2019 मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आला. मी ही गोष्ट वर्गात सांगायचे तेव्हा मुलं वांग्यावर हसायची. मी विचारायचे, आठ वर्षांनी ती नळी सापडली कशी? चिठ्ठी होती म्हणून. तुमच्या डिपार्टमेंटच्या फ्रिजमध्ये आत्ता 'सॉइल कल्चर' एवढंच लिहिलेल्या किती स्लँट (जिवाणू जपून ठेवायच्या नळ्या) आहेत, एकदा बघून ये.

उरलेल्या यादीचं फार मनावर घेऊ नकोस. रांगोळी असू दे, ज्यांना येते त्यांना आनंद मिळतो आणि कोणाचं काही बिघडत नाही. 17 सप्टेंबरला सूक्ष्मजीव दिन असतो. 1683 मध्ये याच तारखेला लेव्हेनहुकने स्वतःच्या दातांवरच्या किटणात दिसलेल्या हलत्या जीवांबद्दल रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं होतं. त्या दिवशी भाषण नको. शेजारच्या शाळेतली सातवीची मुलं बोलवा आणि सहाही मायक्रोस्कोपखाली दही लावून ठेवा. नोव्हेंबरात 18 ते 24 प्रतिजैविकांचा जागृती सप्ताह येतो. फलक घेऊन फेरी काढण्यापेक्षा प्रत्येकाने घरातला औषधांचा डबा उघडून अर्धवट राहिलेल्या पट्ट्या बघाव्यात. ज्यांच्यावर उभी लाल रेघ आहे (म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळायच्या) त्या कोणी, कोणाच्या सांगण्यावरून आणल्या आणि का सोडल्या, एवढंच लिहून आणावं. गेस्ट लेक्चरला मोठं नाव शोधत बसू नका. दूध संकलन केंद्रात मिथिलीन ब्लू टेस्ट (निळा रंग किती लवकर उडतो त्यावरून दुधातले जिवाणू अजमावणारी) लावणारा केमिस्ट तुमच्याच गावात असेल. निळं दूध अर्ध्या तासात पांढरं झालं तर तो काय करतो आणि शेतकऱ्याला ते कसं सांगतो, हे त्याच्याकडून ऐका. शाल-श्रीफळ त्यालाच द्या, त्याला आजवर कोणी दिलं नसेल. इंडस्ट्रियल व्हिजिटबद्दल मी बोलत नाही. दोन तास कारखाना आणि सहा तास समुद्र हे प्रमाण माझ्याच्याने कधी बदललं नाही, आणि समुद्रावर मीही भेळ खाल्ली आहे.

एच.ओ.डी. मॅडमना हे कसं सांगायचं, ही भीती तुझ्या पत्रात न लिहिता दिसते. त्यांना नॅकची (कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) फाइल भरायची आहे, तो त्यांचा दोष नाही. शेतात बादलीभोवती बसून गाठी मोजणाऱ्या मुलांचा जिओटॅग फोटो सभागृहातल्या फोटोपेक्षा कुठल्याही समितीला जास्त आवडेल. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट आहेत, त्यात हे काम बसवता येतं का, हेही त्यांनाच विचार. एका पानात लिहून दे. प्रश्न काय, सामान काय लागेल, कोण कधी काय करणार. कुठलीही एच.ओ.डी. 36 नावांचा तक्ता आयता मिळाला की निम्मी विरघळते.

मार्कांचं म्हणशील तर पप्पांची काळजी खरी आहे, ती उडवून लावू नकोस. फक्त एवढं सांग, की औषध कंपनीच्या क्यू.सी. (गुणवत्ता तपासणीच्या) लॅबमध्ये मुलाखतीला गेलीस तर कॉलनी काउंट, कंट्रोल प्लेट, नोंदवही हेच विचारतात, आणि 'जर्नलमध्ये आहे' हे उत्तर तिथे चालत नाही. पण मला वाटतं पप्पांना समजवायची वेळच येणार नाही. पहिली मोजणी झाली की प्लेट नीट टेप लावून, मॅडमना विचारून, त्यांना डिपार्टमेंटमध्ये बोलावून दाखव. टिपके त्यांना स्वतः मोजू दे.

आणि हो, पिशवीवरची एक्स्पायरीची तारीख आणि लॉट नंबर विकत घेतानाच वहीत उतरवून घे. बहुतेक पिशव्यांवर तो छापा वरच्या शिवणीपाशी असतो आणि फोडताना सगळ्यात आधी तोच फाटतो.